पावणे २

मी पाटी बोलतेय. दगडाची, काळी, लाकडी चौकटीची. स्वयंपाकघरात शेगडीच्या उजव्या अंगाला एका खिळ्यावर लटकलेली असते. वय विचारू नका, बाईमाणसाला वय विचारत नाहीत. शिक्षण विचारा. दुसरी पास. तेसुद्धा दुसऱ्याच्या जिवावर, तो पास झाला म्हणून मी पास.

माझा जन्म डोंगरात झाला. आधी मी सगळ्यांना सांगायचे की मीच डोंगर होते. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू, डोंगराचा एक पापुद्रा होते. खाणीत एका माणसानं छिन्नी लावली, वरनं एक टिचकी मारली, आणि आम्ही बहिणी बहिणी पत्त्यांसारख्या सुट्या झालो. मग आम्हाला कापलं, घासलं, चार लाकडी पट्ट्यांत ठोकलं आणि दुकानात उभं केलं. तिथनं मला गोट्यानं उचललं.

गोट्या तेव्हा सहा वर्षांचा. आता त्याचे सगळे केस पांढरे झालेत. नात त्याला आजोबा म्हणते, सून बाबा म्हणते, गल्ली म्हातारा म्हणते. पण ज्यानं मला थुंकी लावून पुसलंय त्याला मी गोट्याच म्हणणार. हो, थुंकी लावून. मला नाक असतं तर मी तेव्हाच जीव सोडला असता.

दोघांनी मिळून अक्षरं गिरवली. दोघांनी मिळून मास्तरांचं चित्रही काढलं, पोट जरा मोठं झालं. छडी त्यानं खाल्ली, मी नुसती पुसली गेले. दुसरी झाली आणि बापानं त्याच्या हातात गवंड्याची थापी दिली. पन्नास वर्षं त्यानं भिंती उभ्या केल्या. थापी मारता मारता थापा मारायलाही शिकला. थापी सुटली, थापा सुटल्या नाहीत.

मग त्याचा मुलगा माझ्यावर शिकला. तो जरा जास्तच शिकला आणि वह्या वापरायला लागला. माझी रवानगी पिठाच्या डब्यावर झाली, झाकण म्हणून. वीस वर्षं. तुम्ही कधी कुणाचं झाकण झाला असाल तर तुम्हाला कळेल. डब्यात काय आहे ते माहीत असतं, पण बोलायचं नसतं. पुढे ही सवय माझ्या कामी आली. कामी कसली, अंगाशी आली.

तिथनं मला सूनबाईनं काढलं.

तेव्हा घरात तंगी सुरू झाली होती. मुलगा छापखान्यात मशीन चालवतो. लोकांनी छापून घेणं कमी केलं, तसे मालकानं त्याचे सहा दिवसांचे तीन दिवस केले. सून लॉन्ड्रीत इस्त्री करते. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, दिवसभर उभ्यानं. तिचा पगार तेवढाच राहिला, पण खाणारी तोंडं चार. मुलगा, ती, गोट्या आणि चिमी. चिमी म्हणजे नात, नऊ वर्षांची, बोलायला नव्वद वर्षांची.

एका रविवारी सकाळी सूनबाईनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, चौकटीला दोरी बांधली आणि खिळ्यावर टांगलं. म्हणाली, "आता आधी कपाट बघायचं, मग ही पाटी लिहायची, मग बाजार. पाटीवर नाही ते पिशवीत नाही."

आणि खरंच तसंच करायला लागली. कपाट उघडायची, डब्यांत हात घालून बघायची, काय संपलं, काय उरलं. मग माझ्यावर सात ओळी लिहायची, फक्त दुपारच्या जेवणाच्या. संध्याकाळी रोज पातळ डाळ आणि भात ठरलेला, त्याला काय लिहायचं. दुपारचेच चार वाटे सांभाळायचे असत. नवऱ्याचा डबा, चिमीचा डबा, तिचा डबा आणि गोट्याचं घरी झाकून ठेवलेलं ताट. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा. असं:

सोम भोपळा ४
मंगळ उरलेला भोपळा ४
बुध कोबी ४
गुरु पाव ४
शुक्र अंडी ४
शनि बटाटा ४
रवि बघू ४

'बघू' हा पदार्थ मी अजून पाहिलेला नाही. पण तो चौघांना पुरायचा.

तर पाटीचा उपयोग झाला. पूर्वी ही माणसं बाजारात उपाशीपोटी जायची आणि बिस्किटं घेऊन यायची. अर्धी कोथिंबीर काळी पडून कचऱ्यात जायची. आता अख्खा भोपळा यायचा आणि दोन दिवस पुरायचा. सूनबाई माझ्याकडे बघून हसायची. पिठावरनं उठून मी एकदम घराची मुकादम झाले. मला माज आला. थोडा. बरं, पुष्कळ.

गोट्याला हे बघवलं नाही. एका मंगळवारी त्यानं अंगठ्यानं माझ्यावरची 'बी' पुसली, 'को'वर एक टिंब दिलं आणि पुढे 'बडी' लिहिलं. बुध कोंबडी ४. चिमी शाळेतनं आली ती नाचतच. "आई, कोंबडी? खरंच?" सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, कोबीला पाय फुटले वाटतं." गोट्या म्हणाला, "अगं, मी नुसतं एक टिंब दिलं. बाकीची ती आपल्या मनानं झाली."

ते हसले ते दिवस बरे होते. फार नव्हते.

पावसाळा सरला आणि छापखान्याचे तीन दिवसांचे दोन झाले. त्या रविवारी गोट्या केस कापायला गेला होता, चिमी खाली खेळत होती. सूनबाई कपाट उघडून बराच वेळ उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक बरं झालं. लॉन्ड्रीत आता दुपारचं जेवण द्यायला लागलेत. माझा डबा बंद."

"खरंच? काय देतात?"

"काहीतरी देतात. गरम असतं."

नवरा म्हणाला, "चला, कुणाला तरी देव दिसला." आणि आंघोळीला गेला.

ती माझ्यापाशी आली. सगळे चौके पुसले आणि सातही ओळींना तीन लिहिले. पाचव्या तिनाला खडू मोडला. पाठमोरीच स्वतःशी म्हणाली, "माझं काय, माझं चालेल." ते दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते पाटीनं, आणि पाटीला लिहिलेलं तेवढंच बोलता येतं.

तिचा डबा समोरच्या फळीवर आडवा पडला. झाकणावर चिमीनं नखाच्या लाल रंगाचा ठिपका काढलेला, आईचा ओळखू यावा म्हणून. तो ठिपका रोज माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. संध्याकाळी ती आली की आधी दोन पेले पाणी प्यायची. मग भात वाढायची, सगळ्यांना, आणि स्वतःला शेवटी, पातेलं खरवडून.

त्या रविवारी गोट्या केस कापून आला, घासलेल्या भांड्यासारखा. माझ्यापुढे उभा राहिला. पाटी वाचायची त्याला सवयच लागलेली. बोट लावून वाचत गेला आणि तिनावर थांबला. खाली गेला, तीन. वर गेला, तीन.

"बघितलंस?" मला हळूच म्हणाला. "नापास केलं मला."

मी काय सांगू? मी त्या क्षणी खिळ्यावरनं उडी मारायला तयार होते. पण वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेगडीपाशी आला, तर त्याचं ताट तिथंच, झाकलेलं. त्यानं झाकण उचललं आणि तसंच ठेवलं. मग ओट्याला टेकून हिशेब लावला. "आकडा तिघांचा, आणि ताट तर आहे. म्हणजे मुलानं मला वगळलं आणि सुनेला ते सोसवेना, ती स्वतःच्या तोंडचं काढून मला ठेवते." दुसरी पास माणसाचा हिशेब. अर्धा बरोबर होता, तोच वाईट भाग. पुरता चुकला असता तर जेवला तरी असता.

विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेच वाटायचं. पण विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती आणि त्याला ते ऐकावं लागलं असतं. म्हणून त्यानंच खोटं बोलायला घेतलं. त्याला ते जास्त चांगलं येतं.

संध्याकाळी सूनबाईनं झाकण उचललं. "बाबा, जेवला नाहीत?"

"अगं, बाजारात माझा जुना दोस्त भेटला. आम्ही एका फळीवर उभं राहून प्लास्टर केलेलं. सोडतोय थोडाच. पोट फुटेस्तोवर वाढलं."

"रोज बोलावतो का?"

"सोडतच नाही म्हणतो."

तिनं ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट तसंच. तिसऱ्या दिवशीही. ते वाया थोडंच घालवणार. तिनं माझ्यावर 'उरलेलं' हा शब्द लिहायला सुरुवात केली. मंगळ उरलेलं. गुरु उरलेलं. मला तो शब्द पाठ झाला. नवरा एकदा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, तुझी ही पाटी कामाची निघाली. दोन दिवस काम आणि घरात अन्न उरतंय. मशीनवरच्या सगळ्यांना सांगितलं मी, बायकोला पाटी आणून द्या."

त्या घरात दोन माणसं उपाशी होती आणि अन्न उरत होतं. मी काळी आहे म्हणून दिसलं नाही, नाहीतर शरमेनं लाल झाले असते.

एका मंगळवारी सूनबाई आली ती मनगटाला ओलं फडकं बांधून. चिमीनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं. इस्त्रीनं पापी घेतली."

चिमी हसली. गोट्या हसला नाही. "हात कसा गेला इस्त्रीवर? दहा वर्षं करतेस."

"जरा गरगरलं. वाफेनं होतं तसं."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. गालांच्या जागी नुसती हाडं आली होती. त्याच्याही आली होती, पण दाढीत लपायची.

पुढच्या रविवारी ती खडू घेऊन उभी राहिली आणि मान न वळवता म्हणाली, "बाबा, तुम्ही दुपारी तिकडेच जेवता ना? मग तुमचं करत नाही उगाच. ताट नुसतं फिरत राहतं."

"करूच नको," गोट्या म्हणाला. "तो रागावतो, घरनं जेवून आलास का म्हणून."

तिनं सात दोन लिहिले. पिशवी घेऊन बाजारात गेली.

गोट्या माझ्यापुढे आला. दोनावर बोट ठेवलं. "मुलाचा डबा एक," तो म्हणाला, "चिमीचा दोन." मग थांबला. बोट तिथंच. "आज माझं ताट काढलं, तर तिनाचे दोन झाले. म्हणजे तिसरा मीच होतो. मी पासच होतो की." त्याचं तोंड उजळलं. मोजून एक क्षण. मग त्यानं मान वळवली, फळीकडे. "मग चौथं कुणाला काढलं होतं?"

लाल ठिपक्याचा डबा त्यानं खाली घेतला. झाकण निघेना, इतके दिवस लावलेलं. निघालं तेव्हा आतनं एक कोळी चालत बाहेर आला, घरमालकासारखा. गोट्या डबा हातात धरून खाली बसला. त्याला मी बापाचा मार खाताना बघितलंय, मास्तरांचा बघितलाय. असा बसलेला कधी बघितला नव्हता.

सोमवारी सूनबाई उठायच्या आधी त्यानं सगळे दोन पुसून चार केले. तिनं पुन्हा दोन केले. मंगळवारी त्यानं चार केले, तिनं दोन. "बाबा, पाटीशी खेळू नका, बाजाराचा घोळ होतो," एवढंच म्हणाली. बोलण्यातला जीव गेला होता तिच्या. मग बुधवारी संध्याकाळी, सगळे बाहेर असताना, गोट्या खडू घेऊन आला. गुरुवारची ओळ होती, 'पाव २'. त्यानं ती पुसली आणि आपल्या वाकड्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, नवीन लिहिली: गुरु पावणे २.

शिकलेले लोक पाहुणे म्हणतात. आम्ही दुसरीवाले पावणे. त्याचा बेत साधा होता. ती सकाळी वाचेल, विचारेल, "कोण पावणे?" आणि तो म्हणेल, "एक तू, एक मी. ह्या घरात आपण दोघंच बिनबोलावलेले दिसतोय."

सकाळी तो दाराआड अंथरुणात डोळे मिटून पडला, कान उघडे ठेवून. नवरा छापखान्यात गेला होता. सूनबाईनं दोन डब्यांत पाव भरलेले, दुसरा चिमीच्या हातात दिला. जाता जाता माझ्याकडे बघितलं. पुटपुटत वाचलं. "गुरु. पावणेदोन." मग घड्याळाकडे बघितलं. सासऱ्याच्या अक्षराकडे बघितलं. "पावणेदोनला काय आहे? दवाखान्याचा नंबर घेतला की काय बाबांनी?" दाराच्या फटीतनं झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याच्या गळ्याच्या शिरांकडे. उठवलं नाही. गेली.

गोट्या उठून माझ्यापाशी आला. "वाचलं नाही का गं तिनं?"

वाचलं रे बाबा. शिकलेल्या माणसासारखं वाचलं.

दुपारी दार धाडकन उघडलं. सूनबाई, घामानं निथळलेली, चप्पल पायात तशीच. घड्याळात पावणेदोन. "बाबा, काय होतंय तुम्हाला? कुठल्या दवाखान्यात जायचंय? मला आधी सांगायचं नाही का?"

गोट्या खुर्चीत बसलेला. त्याला आधी काही कळेना. मग माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हसू आलं असेल, पण गिळलं.

"तू जेवलीस?" त्यानं विचारलं.

"हो, तिकडेच. चला, उशीर होतोय."

त्यानं टेबलावर लाल ठिपक्याचा डबा ठेवला. "ह्यात एक कोळी राहतो. त्यालाही लॉन्ड्रीत जेवण देतात का, विचारून ये."

तिनं चप्पल काढली. समोर बसली. म्हणाली, "आणि तुम्ही? तुमचा तो दोस्त?"

"तो मरून सहा वर्षं झाली."

"बाबा."

"मयताला मीच गेलो होतो. चांगला माणूस. पण आता काय वाढणार."

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, मला कळलं नाही. पाटीवर दोन्हीला अक्षर नाही. मग म्हणाली, "मुकादमानं अर्धा दिवस कापला. मी सांगितलं सासरे सिरियस आहेत."

"आहेच की मी सिरियस," गोट्या म्हणाला. "अंडी काढ."

"ती शुक्रवारची आहेत. दोनच आहेत."

"मग शुक्रवार पुसतो." आणि त्यानं अंगठ्यानं पुसला. त्या जागी लिहिलं, 'बघू'.

अंडी उकडली. दोघांनी ओट्यापाशी उभ्याउभ्या मीठ लावून शुक्रवार खाल्ला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ रिकामा डबा उघडत आणि लावत बसला. "सगळ्यांना सांगत फिरलो मी, आमच्याकडे अन्न उरतंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही तुमचा डबा बंद केला असता."

"केला असता."

"मग?"

चिमीनं विचारलं, "आजोबा, मग तुम्ही दुपारी कुणाकडे जायचात?" तो म्हणाला, "बसथांब्यावरच्या बाकड्याकडे. फार आग्रह करतं."

शनिवारी गोट्यानं पेटीतनं आपली जुनी छिन्नी काढली आणि मला टेबलावर आडवी केली. मुलगा म्हणाला, "बाबा, फुटेल ती."

"फुटली तर फुटली. आमचं शिक्षण सारखंच."

खाणीतली ती टिचकी मला इतक्या वर्षांनी परत आठवली. त्यानं माझ्या वरच्या कोपऱ्यात ४ कोरला, खोल, गवंड्यासारखा. आता तो ना थुंकीनं जातो ना फडक्यानं. तिथनं एक तडा निघालाय, तो गुरुवारच्या ओळीपर्यंत येऊन थांबलाय. सध्या थांबलाय.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, सगळं छान झालं. नाही झालं. छापखाना अजून दोनच दिवस चालतो, आणि ते दोनही राहतात की नाही, बघू. भोपळ्याच्या फोडी बारीक झाल्यात. चार वाटे होतात, पण अर्धे अर्धे, आणि चारही ठिकाणी थोडी थोडी भूक उरते. 'उरलेलं' हा शब्द मात्र मी विसरून गेले, कुणी लिहीत नाही. फळीवर डबा आडवा नाही. कोळी कुठे गेला माहीत नाही, त्याची व्यवस्था त्यानंच बघावी.

तुमच्याही घरी कुठेतरी पाटी असेल, किंवा कागद, किंवा नुसतं डोक्यात. आठवड्याचं लिहा, जरूर लिहा, पैसे वाचतात. पण शेवटचा आकडा लिहिताना घरातली माणसं एकदा समोर बसवून मोजा. जो मोजतो तो स्वतःला मोजायला विसरतो. आणि कुणी म्हणालं की मी बाहेर खाल्लं, तर त्याच्या डब्याचं झाकण उघडून बघा.

माझं म्हणाल तर तडा एक दिवस पुढे सरकेल. गोट्याही एक दिवस जाईल, आम्ही एकाच वयाचे. तेव्हा घरात तिघंच राहतील आणि मी वर ४च दाखवत बसेन. ही थाप आहे, मला माहीत आहे. आयुष्यभर माझ्यावर लिहिलं तेवढंच मी बोलले. एवढी एक मला मारू द्या.